चिल्लर आणि पिस्तूल

ह्यूस्टनमध्ये माझी दोन लाँड्रोमॅट आहेत. म्हणजे ओळीने कपडे धुण्याची मशीनं मांडलेली दुकानं. लोक गाठोडी घेऊन येतात, नाणी टाकतात, कपडे धुऊन-वाळवून घरी जातात. सांगलीचे काका ऐकून म्हणाले होते, "एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी लॉन्ड्रीच की रे!" मशीनमध्ये पडतं ते पंचवीस सेंटचं नाणं. त्याला इकडे क्वार्टर म्हणतात. "रोज रात्री क्वार्टर गोळा करून घरी येतो," हे वाक्य मी सांगलीच्या मित्रांसमोर एकदाच बोललो. त्यावर जे काही झालं, त्यानंतर पुन्हा नाही.

तर या क्वार्टरांपायी मी सहा वर्षं गाडीत पिस्तूल ठेवलं. त्या सहा वर्षांत जे उमगलं ते इथे मांडतोय. फारसं शूर असं त्यात काही नाही.

१. पिस्तूल आलं त्याच्या आधी भीती आली, आणि ती माझी नव्हती. मला कुणी कधीच लुटलं नव्हतं. याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी चहा पिता पिता सांगितलं, की त्यांच्या मेव्हण्याला रात्री पार्किंगमध्ये दोघांनी अडवलं. मी त्या मेव्हण्याला आजवर पाहिलेलं नाही. पण त्या रात्रीपासून माझ्या पिकअपच्या आरशात त्याला अडवणारे दोघे दिसू लागले. गंमत अशी की थंड डोक्याने साधा हिशेब केला असता तरी पुरलं असतं. एक क्वार्टर ५.६७ ग्रॅमचं. हजार डॉलर म्हणजे चार हजार नाणी, म्हणजे साडेबावीस किलोंहून जास्त वजन. ती पिशवी उचलून गाडीत टाकताना माझीच कंबर धरायची. ती खांद्यावर टाकून पळणारा चोर फार तर शंभर पावलं गेला असता आणि मग मलाच म्हणाला असता, जरा हात लावता का? पण भीतीला वजनकाटा कोण लावतो!

२. वाटलं होतं त्यापेक्षा हे सगळं फारच सोपं निघालं, आणि त्याचंच मला नंतर भय वाटू लागलं. मी इथे २००४ मध्ये एच-वन-बी व्हिसावर आलो. त्या व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. कायद्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला एक शिकारीच्या परवान्याचा. आमच्या ऑफिसातल्या एका पट्ठ्याने तेवढ्यासाठी तो परवाना काढला होता. शिकार कसली, तो घरातलं झुरळसुद्धा बायकोकडून मारून घ्यायचा. मी ग्रीनकार्डपर्यंत थांबलो. ते आल्यावर २०१६ मध्ये दुकानात गेलो, फॉर्म भरला, दुकानदाराने चौकशीसाठी फोन लावला, आणि आईला पाठवायचं पार्सल बांधून घ्यायला लागतो तेवढ्या वेळात नाइन एमएम पिस्तूल घेऊन बाहेर आलो. टेक्ससमध्ये २००७ पासून स्वतःच्या गाडीत, दिसणार नाही असं, लायसन्सशिवाय पिस्तूल ठेवता येतं. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला ते अंगावर बाळगायलाही लायसन्स लागत नाही. गाडी चालवायच्या परीक्षेत मात्र इथे पॅरलल पार्किंगवरून मला नापास केलं होतं.

३. गाडीत बसून पिस्तूल काढणं हा प्रकार सिनेमावाल्यांनी कधी स्वतः करून पाहिलेला नाही. मी २०१७ मध्ये पिस्तूल अंगावर बाळगायच्या लायसन्सचा वर्ग केला. काही तास बसून कायदा ऐकायचा, मग पन्नास गोळ्या: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. मी बऱ्या गुणांनी पास झालो. छाती फुगली. मग शिकवणाऱ्याने पार्किंगमध्ये नेलं, हातात निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल दिलं, ते माझ्या नेहमीच्या जागी, समोरच्या कप्प्यात, ठेवायला सांगितलं आणि म्हणाला, पट्टा लाव, आणि मी काचेवर टकटक केली की काढ. टकटक झाली. मी उजवीकडे वाकलो, पट्टा गच्च आवळला. कप्प्याचं झाकण माझ्याच मनगटावर आपटलं. हात घातला तर पहिल्यांदा हातात आलं ते टायरची हवा मोजायचं मीटर. तेच मी त्याच्यावर रोखलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, "तेवढ्या वेळात तुझा पाय कुठे होता?" पाय ब्रेकवर होता. गाडी चालू होती, पुढे मोकळा रस्ता होता. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा दिसली पाहिजे, म्हणजे तेवढ्या फटीतून गाडी काढता येते, हे त्याने शिकवलं. त्या अख्ख्या वर्गातली ही एकच गोष्ट मी आजही दिवसातून वीस वेळा करतो. तिला ना लायसन्स लागतं ना गोळी.

४. गाडीची कागदपत्रं आणि पिस्तूल एका कप्प्यात ठेवू नये. हे कुणी सांगायला लागू नये, पण मला लागलं. एका रात्री दुकान बंद करून निघालो, मागचा एक दिवा गेलेला, पोलिसाने थांबवलं. लायसन्स, इन्शुरन्स. इन्शुरन्सचा कागद समोरच्या कप्प्यात, आणि त्यावर, आपल्याकडे कागद उडू नये म्हणून पेपरवेट ठेवतात तसं, पिस्तूल. माझा हात अर्ध्या वाटेवर गेला आणि तिथेच गोठला. आयुष्यात इतका स्थिर मी प्राणायामातही बसलेलो नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि शाळेत धडा म्हणतात तशा सुरात सांगितलं, की माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल समोरच्या कप्प्यात आहे आणि कागद त्याच्या खाली आहे. क्षणभर तो काहीच बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, "मग ते तिथेच राहू द्या. आपण दोघंही त्याला हात लावायला नको." कागद न बघताच त्याने मला दिवा बदलायला सांगून सोडलं. घरी येईपर्यंत माझे गुडघे थरथरत होते. ज्यांना घाबरून मी ते घेतलं ते दोघे कधी आलेच नाहीत, आणि आयुष्यात सर्वांत जास्त मी घाबरलो तो माझ्याच पिस्तुलाला.

५. कप्प्याचं कुलूप हे कुलूप नसतं. एका वर्षी आई सहा महिने आली होती. गाडीत बसली की तिला सतत काहीतरी लागतं: टिश्यू, बडीशेप, सुटे पैसे. मी पेट्रोल भरायला उतरलो होतो. परत येतो तर आईच्या मांडीवर पिस्तूल, पदराच्या टोकात धरलेलं, जसं गरम भांडं धरतात. म्हणाली, "कडी अडकली होती, जरा जोरात ओढली. हे खरं आहे होय रे?" मी हो म्हणालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते परत कप्प्यात ठेवायला माझ्या हातात दिलं आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. घरात तेव्हा आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याच सीटवर बसून शाळेत जायचा. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवलं तर टेक्ससमध्ये तो गुन्हा धरतात. वर्गातल्या परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं.

त्या दसऱ्याला बायकोने नेहमीप्रमाणे गाडीला झेंडूचा हार घातला, बोनेटला हळदकुंकू लावलं. आई तिथेच उभी होती. म्हणाली, "शस्त्रांची पण पूजा असते. बाहेर काढून ठेवायचं नाही का?" चिडवत होती की मनापासून म्हणत होती, आजही सांगता येत नाही. मी काढलं नाही. शेजारी बघत होते.

६. आपण पिस्तूल 'बाळगतो' असं म्हणतो, पण खरं तर दिवसभर ते कुठे ठेवायचं याच विवंचनेत असतो. पोस्टात नेऊ नका, आणि वर्गात बजावलं होतं की पोस्टाच्या पार्किंगमध्येसुद्धा नको. शाळेत नाही. ज्या बारचं निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूचं, तिथे लाल रंगात '५१%' अशी पाटी असते, तिथे नाही. ज्या दारावर कलम ३०.०६ ची पाटी, इंचभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, तिथेही लपवून नेता येत नाही. आमच्या देवळाच्या दारावर ती पाटी आहे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी गाडीत बसून कमरेचं काढा, कप्प्यात ठेवा, इकडेतिकडे बघा, कुलूप लावा. इकडेतिकडे बघणारा माणूस सगळ्यांना दिसतो, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. देवळात आरतीला उभा असताना सांगलीत मला एकच काळजी असायची, की बाहेर काढलेल्या चपला राहतील का. ह्यूस्टनमध्ये चपलांची चिंता मिटली. डोळे मिटले की पार्किंगमधला कप्पा दिसायचा. मला सांभाळायला आणलेल्या वस्तूची मी राखण करत होतो, देवासमोर हात जोडून.

७. चोराला माझ्यापेक्षा हिशेब चांगला येत होता. २०२२ चा उन्हाळा. रात्री उशीर झाला, अंग घामाने चिकट, कंबर दुखत होती. पिशवी मागच्या सीटखाली ढकलली, पिस्तूल कप्प्यातच राहू दिलं. सकाळी आत नेऊ. सकाळी उजवीकडची काच फुटलेली, सीटवर साखरेसारखे तुकडे. आधी मी पिशवी पाहिली. तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. चोराने साडेबावीस किलो नाणी तशीच ठेवून अर्ध्या-पाऊण किलोचा ऐवज नेला होता. गाडीच्या मागे काचेवर मी मोठ्या हौसेने पिस्तूल कंपनीचा स्टिकर लावला होता, वर्गात फुकट मिळालेला. "घरात सोनं आहे" अशी पाटी दाराला कोण लावतं? मी लावली होती.

८. आपल्या वस्तूचा नंबर आपल्याला माहीत नसतो. तक्रार घ्यायला आलेल्या पोलिस बाईंनी विचारलं, सिरीयल नंबर? मला माझा पासपोर्ट नंबर पाठ आहे, सांगलीतल्या एका मित्राचा लँडलाइन नंबर अजून पाठ आहे. हा नाही. दुकानात फोन केला. त्यांच्याकडे माझा जुना फॉर्म होता, त्यावरून मिळाला. चोरीला गेलेल्या वस्तूंच्या राष्ट्रीय नोंदीत तो चढला. खाजगी माणसाने अशी चोरी कळवलीच पाहिजे अशी सक्ती टेक्ससमध्ये नाही, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि न कळवणारे किती असतील या विचाराने पोटात ढवळलं.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच वाचलं. या देशात बंदुकांच्या मालकांची एकत्रित नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला ती ठेवायला मनाई आहे. गुन्ह्यात एखादं पिस्तूल सापडलं की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या कार्यालयातून माग काढायला सुरुवात होते. आधी कारखाना, मग घाऊक विक्रेता, मग दुकान, मग दुकानात पहिल्यांदा विकत घेणारा. तिथे कागद संपतो. त्या पहिल्या माणसाच्या जागी माझं नाव आहे. विम्याने काच भरून दिली, चार दिवसांत गाडी होती तशी झाली. पण रात्री बातम्यांत कुठे गोळीबार ऐकला की मी आवाज वाढवतो आणि कॅलिबर ऐकतो. नाइन एमएम हे इथे इतकं सर्रास आहे की त्यावरून काही ठरत नाही. तरी ऐकतो. बायको उठून दुसऱ्या खोलीत जाते. अनोळखी नंबरवरून फोन आला की पूर्वी मी उचलायचो नाही. आता उचलतो. बहुतेक वेळा गाडीची वॉरंटी विकणारा असतो.

९. क्रम चुकला की सुधारून उपयोग नसतो, पण माणूस सुधारतो. चोरीनंतर मी पहिल्यांदा पोलादी पेटी आणली. ड्रायव्हरच्या सीटखाली, जाड केबल सीटच्या सांगाड्याला गुंडाळून. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, चांगला कटर असेल तर ही केबलही कापता येते. ही पोस्टात जाऊन येईपर्यंतची सोय, रात्रभराची नव्हे. त्याच्या सहा वर्षं आधी त्याच दुकानात मी पेटीच्या शेल्फाला पाठ लावून पिस्तुलं बघत उभा होतो. पेटी आली, पिस्तूल मात्र अजून घेतलेलं नाही. घेणारच नाही असंही म्हणत नाही. रात्री दहाला एकटा शटर ओढताना अजूनही मान मागे वळते. दोन्ही दुकानांत आता कार्डाने पैसे घेणारी मशीनं बसवली आहेत, त्यामुळे पिशवी हलकी झाली. कंबरेलाही बरं वाटतं.

गेल्या दसऱ्याला बायकोने गाडीची पूजा केली आणि पिकअपचं दार उघडून सीटखालच्या पेटीवरही हळदकुंकवाची दोन बोटं ओढली. सांगलीहून आई व्हिडिओवर बघत होती.

"त्यात काय आहे रे?"

"काही नाही, आई. रिकामी आहे."

"मग कुलूप कशाला लावलंय?"