फिरत्या वेटोळ्याचा प्रवाहमापक

विद्युत्प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. त्याचे अस्तित्व परिणामांवरूनच ओळखावे लागते. तार तापते, दिवा उजळतो, तारेजवळची चुंबकसूची आपली दिशा सोडते. यांपैकी शेवटचा परिणाम डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० साली प्रसिद्ध केला. तारेतील प्रवाह चुंबकाला ढकलतो, त्याअर्थी चुंबकानेही त्या तारेला ढकलले पाहिजे. नियंत्रण-फलकावर बसविलेला साधा प्रवाहमापक याच तत्त्वावर चालतो.

रचना

कायम चुंबकाच्या दोन अंतर्वक्र ध्रुवांमध्ये मृदू लोखंडाचा एक दंडगोल स्थिर बसविलेला असतो. ध्रुव व दंडगोल यांमधील अरुंद फटीत बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे फिरू शकते. घड्याळातील बालकमानीसारख्या दोन सर्पिल कमानी त्याला जोडलेल्या असतात. प्रवाह एका कमानीतून आत येतो व दुसरीतून बाहेर पडतो.

प्रवाह सुरू होताच वेटोळे वळू लागते. ते जितके वळते तितका कमानींचा विरोध वाढतो. दोन्ही बले तुल्य झाली की काटा थांबतो. दंडगोलामुळे फटीतील चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे राहते. म्हणून दुप्पट प्रवाहाला दुप्पट विचलन मिळते आणि तबकडीवरील भाग समान अंतरावर आखता येतात. वेटोळे अॅल्युमिनियमच्या चौकटीवर गुंडाळलेले असते. चौकट हलताना तिच्यात उत्पन्न होणारे प्रवाह त्या हालचालीलाच विरोध करतात आणि काटा फार वेळ झुलत राहत नाही.

शंटची योजना

वेटोळ्याची तार नाजूक असते. समजा, त्याचा रोध ९९ ओहम असून १ मिलिअँपिअर प्रवाहाने काटा शेवटच्या खुणेवर जातो. याच मापकाने १०० मिलिअँपिअरपर्यंत मोजावयाचे आहे. तेव्हा वेटोळ्यातून १ व उरलेले ९९ मिलिअँपिअर दुसऱ्या वाटेने गेले पाहिजेत. त्यासाठी वेटोळ्याला समांतर १ ओहमचा रोध जोडतात. यास शंट म्हणतात. शंटची जोडणी ढिली होऊन सुटली, तर प्रवाहाला वेटोळ्याखेरीज वाट उरत नाही आणि वेटोळे जळण्याचा धोका उद्भवतो. म्हणून शंट आधी पक्का करावा, मगच मंडल जोडावे.

मापन करताना

प्रवाहमापक नेहमी मंडलाच्या एकसर जोडणीत असावा. त्याचा रोध अल्प असल्यामुळे तो थेट घटाच्या दोन टोकांना जोडल्यास मापकातून अतिशय मोठा प्रवाह जातो. हा मापक एकदिश प्रवाहासाठीच आहे. ५० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात काटा शून्यापाशीच राहतो किंवा किंचित थरथरतो. परंतु त्यावरून प्रवाह नाही असे समजणे घातक ठरेल.

मापक स्वतःही मंडलाचा एक भाग बनतो, हे विसरता कामा नये. १.५ व्होल्टच्या घटाला १५ ओहमचा रोध जोडला व घटाचा अंतर्गत रोध नगण्य मानला, तर प्रवाह १०० मिलिअँपिअर असतो. वरील मापक मध्ये घालताच एकूण रोध १५.९९ ओहम होतो आणि काटा सुमारे ९४ दाखवितो. मापक चुकला नाही. मोजण्यासाठी केलेल्या जोडणीनेच प्रवाह घटला.

तबकडीवर १.५ हा वर्ग लिहिलेला असेल, तर पूर्ण मापाच्या १.५ टक्के इतकी चूक संभवते. १०० मिलिअँपिअरच्या मापकावर ती १.५ मिलिअँपिअर होते. १० मिलिअँपिअर वाचताना तीच चूक १५ टक्के ठरते. यास्तव काटा तबकडीच्या वरच्या भागात येईल असे माप निवडावे. काट्याकडे तिरपे न पाहता समोरून पाहावे.

अभ्यासासाठी प्रश्न

वरील वेटोळ्याने १० मिलिअँपिअरपर्यंत मोजण्यास किती रोधाचा शंट लागेल?

(उत्तर : ११ ओहम)