फाटकं वस्त्र

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक २२

आजचा श्लोक सगळ्यांच्या ओळखीचा. माणूस जुने कपडे टाकून नवे घालतो, तसा आत्मा जुना देह सोडून नवा घेतो. हा श्लोक मी एकदा चुकीच्या जागी वापरला. आज त्याबद्दलच लिहितोय.

आमचं घर साताऱ्याचं, मावशी सांगलीची. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. मिरजेला ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. मग केमो. केस गेले, परत आले. सगळे म्हणाले, "सुटलीस बाई!" मी सुट्टीत भेटायला गेलो आणि ज्ञान पाजळलं, "मावशी, देह म्हणजे नुसतं वस्त्र गं."

ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "अरे, पण नवं कुठं मिळालंय मला? हेच फाटकं नेसून रोज चारचौघांत जायचंय."

मी गप्प.

आई शेजारी बसली होती म्हणून असेल, पण मग मावशी बोलत गेली. आरशात बघणं तिनं सोडलं होतं. ब्लाउजमध्ये कापसाची गादी शिवून घेतली, पण ती सरकेल म्हणून सारखा पदर सावरायचा. कुणाच्या लक्षात येईल म्हणून हळदीकुंकवाला जाणं बंद. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजतो, भरलेली कळशी उचलवत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री झोप नाही. आणि बघणाऱ्यांसाठी ती 'बरी झालेली' बाई!

घरी येऊन श्लोक पुन्हा वाचला. तिथे भगवंत मरणाबद्दल बोलताहेत, अख्खा देह सुटण्याबद्दल. त्याच देहात राहून रोज जगणाऱ्या बाईला गप्प करायला तो श्लोक नाहीच. तिच्यासाठी मला तेरावा अध्याय जवळचा वाटला. तिथे देहाला क्षेत्र म्हटलंय, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. पुरात बांध वाहून गेला तरी शेत कुठे दुखावलंय, हे ते कसणाऱ्यालाच कळतं. मावशीला तिचं शेत माहीत होतं. मी बांधावरून प्रवचन देत होतो.

भारतात बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. म्हणजे अशी मावशी, काकू, आत्या तुमच्याही ओळखीत असेल.

तिला "विसरून जा" म्हणू नका. हात सुजत असेल तर डॉक्टरांना दाखवायला सोबत जा, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. कापसाऐवजी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, हे घरातल्या बाईमाणसाकरवी तिच्या कानावर घाला. लागेल का, ते तिचं ती ठरवेल.

आता फोन केला की मी आधी विचारतो, "मावशी, हात कसा आहे?" परवा म्हणाली, "आज जड आहे रे." मी फक्त ऐकलं.

आजची साधना : एका माणसाचं दुःख, श्लोक न सांगता, पूर्ण ऐकायचं.

रामकृष्णहरी 🙏