परराज्यातली स्वस्त गाडी: टोकन पाठवण्याआधी टॅक्सचा हिशेब

व्हिडिओत आकडे जरा घाईत सांगून झाले, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न आला आपल्या आंदर मावळातून. टाकवे बुद्रुकच्या पुढच्या गावातला मुलगा, वय पंचवीसच्या आसपास. घरचा इंद्रायणी तांदूळ, थोडा भाजीपाला आणि शेजारच्या चार घरांचा माल. हे सगळं तो भाड्याच्या टेम्पोने कामशेत, वडगाव, लोणावळ्याला पोचवतो. भाड्यातच नफा जातो, म्हणून स्वतःची जुनी पिकअप घ्यायची ठरवलं. साडेतीन लाख जमवलेत, त्यातले काही आईच्या बचत गटाच्या कर्जाचे. त्याचा फोन आला, "सर, इकडे जी गाडी चार लाख वीस हजाराला सांगतात, तीच कर्नाटकात साडेतीनला मिळतेय. सत्तर हजार वाचतात. उद्या टोकन टाकू का?"

मी म्हटलं, उद्या नको. आधी ते सत्तर हजार खरंच वाचतायत का ते बघू.

पहिली गोष्ट म्हणजे दोन टॅक्सची गल्लत करू नका. गाडीवरचा जीएसटी देशभर सारखाच आहे. जुनी गाडी जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरकडून घेतली तर १६ जानेवारी २०२५ पासून त्याच्या मार्जिनवर, म्हणजे त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर, १८ टक्के लागतो. तो डीलर भरतो, पण वसूल तुमच्याच किमतीतून करतो. नोंदणी नसलेल्या साध्या माणसाकडून थेट घेतली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

दुसरा आहे मोटार वाहन कर, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. तो राज्याचा, आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. हा कर गाडी जिथून घेतली तिथला नाही, गाडी जिथे राहणार तिथला लागतो. विकणाऱ्याने तिकडे पंधरा वर्षांचा टॅक्स भरलेला असला तरी महाराष्ट्राला त्यातला एक रुपया मिळालेला नाही. गाडी टाकव्यात उभी राहणार म्हटल्यावर महाराष्ट्र आपला कर मागणारच.

किती? आपल्याकडे पेट्रोल कारला दहा लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, डिझेलला १३ टक्के, आणि किंमत वाढली की दरही वाढतो. (कार कंपनीच्या नावावर असेल तर सरळ २० टक्के. "प्रायव्हेट लिमिटेड काढली, आता कार कंपनीच्या नावावर घेऊ" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.) मालवाहू गाड्यांचं गणित १ जुलै २०२५ पासून बदललं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या नव्या गाडीला किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर. जुन्या गाडीचा आकडा तिच्या वयाप्रमाणे खाली येतो.

इथे बहुतेक जण फसतात. टक्का धरला जातो तो गाडीच्या मूळ बिलाच्या किमतीवर. तुम्ही घासाघीस करून साडेतीन लाखाला घेतली, ते तुमचं कौशल्य, टॅक्सला त्याचं काही नाही. उदाहरणापुरतं धरू की पिकअपचं मूळ बिल सात लाखांचं. ७ टक्के म्हणजे ४९,०००. वयामुळे त्यातला साठ टक्के भाग लागला असं समजू, तर २९,४००. नेमका आकडा आपल्या आरटीओत काढून घ्यायचा. मावळ पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत येतं, म्हणजे एमएच-१४. जाताना आरसीची आणि मूळ बिलाची झेरॉक्स न्या. बिल नसेल तर किंमत ठरवण्यातच चार चकरा होतात.

आता सत्तर हजारांतून २९,४०० गेले. मेकॅनिकला घेऊन एकदा बघायला जाणं, एकदा आणायला जाणं, डिझेल, टोल, एजंट, फी, नवी नंबर प्लेट यांचे पंधरा-वीस हजार धरा. उरले वीस-पंचवीस. आणि कागद होईपर्यंत गाडी दारात उभी राहिली तर त्या दिवसांचं टेम्पो भाडं चालूच. त्या मुलाचं भाडं दिवसाला बाराशे होतं. वीस दिवसांत बचत संपली.

मागच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो, हे खरं. पण तो त्या राज्याकडे मागायचा, इकडे नवीन नोंदणी झाल्याचा पुरावा देऊन. अर्ज कोणी करायचा आणि पैसे कोणाला, हे सौद्याच्या कागदावरच लिहून घ्या. आणि ते पैसे आज खिशात आहेत असं धरून बजेट करू नका.

"सर, बाहेरच्या नंबरवर बारा महिने चालवता येते ना?" हाही प्रश्न हमखास येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ मध्ये बारा महिने आहेत, पण ते नवा नंबर घेण्यासाठी. मालकी बदलल्याचं कळवायला विकत घेणाऱ्याला कलम ५० प्रमाणे ३० दिवसच मिळतात. नोकरीमुळे बदली होऊन आलेला माणूस वेगळा आणि गाडी विकत घेतलेला वेगळा. आणि बीएच सिरीजचा विचार इथे सोडून द्या. ती ठरावीक नोकरदारांच्या खासगी गाड्यांसाठी आहे, पिकअपसाठी नाही.

कागदांचा क्रम असा की आधी विकणाऱ्याने फॉर्म २८ भरून तिकडच्या आरटीओची एनओसी काढायची. गाडीवर कर्ज असेल तर त्याच्याही आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि इकडे नव्या नंबरसाठी फॉर्म २७.

यात मी स्वतः पोळलोय. धंद्याच्या सुरुवातीला परराज्यातून एक जुनी व्हॅन घेतली. विकणारा गोड बोलायचा, "कर्ज फिटलंय, एनओसी आठवड्यात पाठवतो." मी पूर्ण पैसे दिले. कर्जाचे शेवटचे हप्ते थकलेले होते आणि बँक पत्र देईना. व्हॅन जवळजवळ चार महिने अंगणात उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. बायको अजून ऐकवते. तेव्हापासून माझा नियम असा की टोकन छोटं द्यायचं आणि उरलेली रक्कम एनओसी हातात आल्यावर.

विकणाऱ्याचाही यात फायदा आहे, हे त्याला समजावून सांगा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. गाडी हातोहात पुढे विकली गेली आणि अपघात झाला तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

धंद्याच्या गाडीला आणखी दोन खर्च आहेत. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. आणि महाराष्ट्रात मालवाहू गाडी आठ वर्षांच्या वर गेली की पर्यावरण कर सुरू होतो. दिल्लीची दहा वर्षं झालेली डिझेल गाडी एवढी स्वस्त का मिळते? २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर तिकडे तिच्यावर बंधनं आली, म्हणून. इकडे आल्यावर वरचे दोन्ही खर्च तिच्या मागे लागतातच. परमिटचं मात्र सोपं आहे. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. आरसीवर जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, ते बघा. काही पिकअप या आकड्याच्या थोड्याच वर असतात.

विमाही लगेच नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो असं कायदा मानतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं तसं नाही. कुसूर, खांडीच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्याची काय अवस्था असते, ते तिकडच्यांना सांगायला नको.

त्या मुलाने त्याच संध्याकाळी विकणाऱ्याकडे आरसी, मूळ बिल आणि कर्ज फिटल्याचं पत्र मागितलं. आरसी लगेच आली. बिल "शोधतो" म्हणाला. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला तर बँकेचा बोजा अजून दिसतोय. मुलाने त्याला पंधरा दिवस दिलेत, टोकन दिलेलं नाही. तोवर तो येत्या रविवारी तळेगावला एक एमएच-१४ पिकअप बघायला जाणार आहे. चार लाख पाच हजार सांगतायत, मी म्हटलं तीन नव्वदपासून बोलणी सुरू कर.