परिचारिका आणि रुग्णाची बोली

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या भगिनींसाठी आम्ही हा छोटा पाठ लिहीत आहोत. नाडी पाहणे, ताप मोजणे, जखम बांधणे हे शाळेत शिकवितात. रुग्णाचे बोलणे ऐकण्याचे शिक्षण मात्र बहुधा वॉर्डातच होते.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. येथे घरची बोली कोकणी आणि वाचन, कीर्तन मराठी. खाणी व कारखाने यांच्या निमित्ताने डिचोलीत परप्रांतीय मजूर आले. पेडण्याच्या किनाऱ्यावर रशियन प्रवासी मुक्काम करू लागले. २०२२ साली मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर तर वर्दळ अधिकच वाढली.

परकी भाषा आपल्याला कळत नाही, हे निदान लगेच कळते. फसगत होते ती जवळच्या भाषेत. कोकणीत 'जोर' म्हणजे ताप. 'भुरग्याक जोर आयला' असे आईने सांगितले आणि घाटावरून आलेल्या परिचारिकेने मुलाच्या अंगात बळ आले असा अर्थ घेतला, तर? 'सून गुरवार आसा' म्हणजे सून गरोदर आहे. वाराशी त्याचा काही संबंध नाही. (गुरुवारला कोकणीत 'बिरेस्तार' म्हणतात.) हा एक शब्द निसटला तर गर्भवतीला न चालणारे औषध तिच्या हाती पडायचे. म्हणून ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे आणि 'असेच ना?' असे विचारावे.

कन्नड बोलणाऱ्या बाईचे दुखणे तिच्या शाळकरी मुलाकडून वदवून घेणे सोयीचे खरे. पण पाळीचा त्रास ती मुलासमोर कसा सांगेल? कन्नड जाणणारी एखादी सेविका शोधावी, थोडा उशीर झाला तरी चालेल.

व्रतांचा प्रश्न नाजूक आहे. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेपूर्वी धोंड व्रतस्थ राहतात. रमजानात मुसलमान रुग्ण दिवसा पाणीही घेत नाहीत. त्यांत मधुमेहीही असतात. दरडावून मना केले की रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन उपवास करतो. औषध मात्र नेहमीचेच घेतले तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरू शकते. त्यापेक्षा तिथी आधीच विचारून घ्यावी व डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

अमेरिकेत मॅडेलिन लायनिंजर या परिचारिकेने या विषयाला शास्त्राचे रूप दिले. पण आम्हांला गडचिरोलीचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील गोंड लोकांनाच विचारले, की दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांनी प्रेताची आठवण होते, आप्तांना जवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे मिळाली. तेव्हा त्यांनी झोपड्यांसारखे रुग्णालय बांधले व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. ही उत्तरे कोणत्याही पुस्तकात नव्हती. 'अमुक समाजाचे लोक असे' अशी यादी पाठ करणारी परिचारिका आम्हांला म्हणूनच धोक्याची वाटते. एकाच घरातली सासू आणि सूनही सारखी नसते.

नव्याने रुजू होणाऱ्या भगिनीने एक वही ठेवावी. ताप, कळ, ओकारी, चक्कर यांसाठी रुग्णांच्या तोंडून जे शब्द येतील ते तीत उतरावे आणि आठवड्यातून एकदा जुन्या सेविकेकडून तपासून घ्यावे.