हिमावरील सायकल

सायकल चालविण्यास शिकलेल्या प्रत्येक मुलास दोन गोष्टी लवकर समजतात. पहिली, पडल्यावांचून सायकल येत नाहीं. आणि दुसरी, चाकांत हवा टणक भरलेली असली म्हणजे सायकल हलकी चालते. शाळेस निघण्यापूर्वीं आंगठ्यानें टायर दाबून पाहावयाचा, तो थोडासा दबला कीं दुकानदाराकडे जाऊन पंप मागावयाचा, ही संवय आम्हांस लहानपणापासून लागलेली आहे. ही दुसरी गोष्ट सर्वत्र खरी नसते, हें शिकण्यास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली व सातासमुद्रांपलीकडे जावें लागलें. तो धडा कसा मिळाला व त्याची किंमत कोणास द्यावी लागली, हें विद्यार्थिमित्रांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमची धाकटी भगिनी अमेरिकेंतील अलास्का संस्थानांत अँकोरेज या शहरीं आपल्या कुटुंबासह राहते. हें शहर सुमारें ६१ उत्तर अक्षांशावर समुद्रकांठीं वसलेलें आहे. आपलें नाशिक २० अंशांवर आहे, एवढ्यावरून तेथील हिंवाळ्याची कल्पना करावी. गेल्या फेब्रुवारींत आम्ही तेथें गेलों, तेव्हां घरांची छपरें, रस्त्यांच्या कडा व झाडांच्या फांद्या हिमानें झांकून गेल्या होत्या. शहराच्या पूर्वेस, चुगाच पर्वताच्या पायथ्याशीं, फार नॉर्थ बायसेंटेनियल पार्क या नांवाचें विस्तीर्ण राखीव अरण्य आहे. तेथील वाटांवर हिंवाळ्यांत कोणी पायांस स्की बांधून घसरत जातात, कोणी पायीं जातात, आणि कोणी सायकलीवर जातात. आमचा भाचा पंधरा वर्षांचा आहे. “मामा, उद्यां तुम्ही माझ्याबरोबर सायकलीवर चलाच,” असा त्यानें हट्ट धरला, व आमच्यासाठीं एक सायकल भाड्यानें आणविली.

ती सायकल पाहून आम्हांस प्रथम हसूं आलें. आपल्या साध्या सायकलीचा टायर दीड इंचाच्या आसपास रुंद असतो. हिचा टायर चांगला चार इंच रुंद होता. हिला ‘फॅट बाइक’ म्हणतात, म्हणजे जाड चाकांची सायकल. हिमावर सायकल नेण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. अलास्कांतील नोम येथें सोनें सांपडल्याची वार्ता कॅनडांतील डॉसन गांवीं पोंचल्यावर १९०० च्या फेब्रुवारींत एड जेसन नांवाचा मनुष्य साध्याच सायकलीवर निघाला, आणि गोठलेल्या युकॉन नदीवरून, कुत्र्यांच्या घसरगाड्यांनीं दाबून ठेवलेल्या चिंचोळ्या वाटेनें, मार्चअखेर नोमला पोंचला. त्याच सालीं मॅक्स हिर्शबर्ग हाही डॉसनहून नोमला सायकलीनें गेला. वाटेंत त्याची चेन तुटली, तेव्हां त्यानें आपला कोट शिडासारखा वाऱ्यावर धरून सायकल पुढें नेली! पुढें १९८७ सालापासून अलास्कांत हिमावरील सायकलींच्या शर्यती होऊं लागल्या. अरुंद चाकें हिमांत रुततात हें पाहून तेथील कारागिरांनीं रुंद रिमा बनविल्या. आणि २००५ सालीं मिनेसोटा संस्थानांतील सर्ली कंपनीनें पग्सली नांवाची जाड चाकांची सायकल बाजारांत आणली, तेव्हांपासून या सायकलींचा प्रसार झाला.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आम्ही आंगठ्यानें टायर दाबून पाहिला, तों तो पुरीसारखा दबला. भाच्यानें आदल्या रात्रीं मुद्दाम हवा कमी केली होती. “मामा, हवा एवढीच ठेवा, हिमावर अशीच लागते,” असें त्यानें बजाविलेंही होतें. परंतु पोराला काय समजतें, असें मनांत आणून, तो कपडे करीत आहे तोंवर, आम्ही घरांतील ऊबदार खोलींत पंप घेऊन दाब दर चौरस इंचास २० रत्तल होईपर्यंत हवा भरली, आणि त्याविषयीं अवाक्षरही काढलें नाहीं.

बाहेर शून्याखालीं १२ अंश थंडी होती. पहिला अर्धा मैल रस्ता टणक होता. तेथें आमची सायकल भाच्याच्या पुढें धांवली, व आम्हांस आपल्या शहाणपणाचें कौतुक वाटलें. मग वाट झाडींत शिरली. ती जेमतेम दोन फूट रुंद, दाबलेल्या हिमाची, आणि दोन्ही बाजूंस कमरेइतकें सुटें हिम. तेथें आमचें पुढील चाक सुरीसारखें आंत गेलें, व आम्ही कडेच्या हिमांत आडवे झालों. उठलों, बसलों, वीस पावलें गेलों, पुन्हां पडलों. भाचा प्रत्येक वेळीं मागें येई व सायकल उचलूं लागे. अर्ध्या तासांत आम्ही घामानें निथळलों. पुढें उभे राहतांच तो घाम गार झाला व अंगांत हुडहुडी भरली.

शेवटीं त्यानें आमचा टायर दाबून पाहिला, व आमच्याकडे पाहून एवढेंच विचारलें, “मामा, हवा भरलीत का?” आम्ही मान हालविली. तो कांहीं बोलला नाहीं. जाड हातमोज्यांनीं वाल्व्हची बारीक खीळ दाबतां येईना, म्हणून मोजे काढून, उघड्या बोटांनीं त्यानें दोन्ही चाकांतील हवा सोडली व पुनः पुन्हां मोजून दाब ६ रत्तलांवर आणला. तें काम होईतों त्याच्या उजव्या हाताचीं तीन बोटें टोंकाशीं पांढरीफटक पडलीं होतीं, आणि त्यांस स्पर्श समजत नव्हता.

त्या क्षणीं आमच्या मनाची काय अवस्था झाली, तें पालकांस सांगावयास नको. अशा वेळीं बोटें चोळूं नयेत, हिमानें तर मुळींच चोळूं नयेत, कारण त्यानें गोठूं लागलेल्या त्वचेस इजा होते. शरीराच्या उबेनेंच तीं तापवावीं. आम्ही कोटाचीं बटणें सोडून त्याचा हात आपल्या काखेंत घेतला व तसेच उभे राहिलों. कांहीं मिनिटांनीं बोटें लाल झालीं व त्यांस झिणझिण्या येऊं लागल्या. तो ओठ चावून उभा होता. आम्हांस मात्र हायसें वाटलें. स्पर्श परत आला नसता, किंवा त्वचा मेणासारखी कठीण झाली असती, तर थेट डॉक्टरांकडेच धांव घ्यावी लागली असती.

आतां यांतील शास्त्र पाहूं. आमचें व सायकलीचें वजन मिळून सुमारें २२० रत्तल होतें. तें दोन्ही चाकांवर सारखें पडतें असें धरिल्यास एका चाकावर ११० रत्तल आले. चाकांतील हवा हें वजन उचलून धरते. म्हणून वजनास दाबानें भागिलें असतां टायरचा किती भाग जमिनीस टेकतो तें स्थूलमानानें निघतें. दाब १६ रत्तल असेल तर जवळजवळ ७ चौरस इंच, आणि ६ रत्तल असेल तर सुमारें १८ चौरस इंच. वजन तेंच, पण दुसऱ्या वेळीं तें अडीचपटीहून अधिक जागेवर पसरलें, म्हणून हिमानें तें तोललें. वाळूंत बैलाचा खूर रुततो व उंटाचा पसरट पाय रुतत नाहीं, त्याचेंही कारण हेंच.

आम्ही २० रत्तल भरले असतां हिशेबांत १६ कसे धरले, असें चौकस विद्यार्थी विचारील. थंडीनें हवा आकुंचन पावते, म्हणून दाब उतरतो. पंपावरील आंकडा वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला दाब दाखवितो; म्हणून त्यांत वातावरणाचे १४.७ रत्तल मिळविले पाहिजेत. ते झाले ३४.७. खोलीची उष्णता २० अंश, म्हणजे निरपेक्ष मापानें २९३; बाहेर उणे १२, म्हणजे २६१. तेव्हां ३४.७ ला २६१ नें गुणून २९३ नें भागिलें, तर ३०.९ येतात, त्यांतून १४.७ वजा जातां १६.२ उरतात. यास्तव हिमावर जावयाचें तर दाब बाहेरील थंडींतच मोजावा; आणि तें काम घराच्या दाराशींच उरकावें, म्हणजे रानांत बोटें उघडीं करण्याचा प्रसंग येत नाहीं.

हवा कमी होतांच तीच वाट आम्हांस मोकळी झाली. भाचा सांगत होता व आम्ही ऐकत होतों: चढावर सीटवरून उठूं नये, नाहींतर मागील चाक गरगर फिरतें, ब्रेक एकदम दाबूं नये, हँडल घट्ट आवळूं नये, सायकल थोडी डोलली तर डोलूं द्यावी, घाम येण्यापूर्वींच वेग कमी करावा, आणि अंगालगत सुती कपडा घालूं नये, कारण तो घाम शोषून ओलाच राहतो. चाकांखालीं हिम करकर वाजत होतें, व त्याखेरीज रानांत दुसरा आवाज नव्हता.

परततांना आम्ही सकाळच्या जागीं आलों. तेथें आमच्या टणक चाकांनीं वाटेंत खोल चर पाडले होते. भाचा उतरला व बुटांनीं ते तुडवून सपाट करूं लागला. कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं, ताज्या हिमावरून यंत्र फिरवून किंवा पायांनीं दाबून या वाटा तयार करितात. मग रात्रभर थंडींत हिमाचे कण एकमेकांस चिकटून वाट टणक होते. चर तसाच राहिला तर तोही रात्रींत दगडासारखा होतो, व दुसऱ्या दिवशीं त्यांत दुसऱ्याचें चाक अडकतें. म्हणून चाक इंचभर रुतूं लागलें तर परत फिरावें, असा तेथील सायकलस्वारांचा शिरस्ता आहे. आम्हांस आपल्या गांवाकडील पावसाळी वाट आठवली: चिखलांत गाड्यानें पाडलेली चाकोरी उन्हानें वाळली म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक गाड्यास तिच्यांतूनच धक्के खात जावें लागतें. आम्हीही उतरलों, व जेथवर आमचे चर होते तेथवर दोघांनीं मिळून वाट तुडविली. त्यास पाऊण तास लागला.

घरीं पोंचल्यावर भगिनीनें मुलाचीं लाल बोटें पाहिलीं व विचारलें, “दादा, हें कशानें झालें?” मुलगा आम्हांस वांचविण्यासाठीं कांहीं तरी बोलणार, इतक्यांत आम्हींच सर्व हकीकत सांगितली. हवा भरण्याची चूक अज्ञानाची होती. ती क्षम्य होय. परंतु त्यानें सांगितलेलें मोडलें, आणि तें त्यास न कळवितां मोडलें, ही चूक वडीलपणाच्या अभिमानाची होती, व तिची किंमत त्याच्या बोटांनीं दिली.

विद्यार्थिमित्रहो, ज्या गोष्टीची आपणांस पुरती माहिती आहे ती वडिलांसमोर नम्रपणें पण स्पष्टपणें सांगण्यास भिऊं नका. आणि पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मूल असें कांहीं सांगूं लागलें तर पंपाकडे हात नेण्यापूर्वीं तें ऐकून घ्यावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाच्यानें दाब मोजण्याचें यंत्र आमच्या हातीं दिलें व म्हणाला, “मामा, आज तुम्हीच मोजा.” आम्ही दाराबाहेर थंडींत उभे राहून, हातमोजे घालूनच, ६ रत्तलांचा आंकडा दोनदां मोजून पाहिला, आणि मगच सायकलीवर बसलों.