धरणाकाठी घर घ्यायचंय? आधी मुलांना विचारा!



लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणाऱ्यांना हल्ली 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. मुलांना समजावताना मी धनगरांचं उदाहरण देते. ते चाऱ्यासाठी गाव बदलतात, हे लोक नेटवर्क आणि निवांतपणासाठी. एस्टोनिया या छोट्या देशाने तर २०२० मध्ये अशांसाठी वेगळा व्हिसाच सुरू केला. घरून काम सुरू झाल्यापासून आपल्या शहापूर-मुरबाडकडेही मुंबई-ठाण्याची माणसं घर शोधत येतात. डोंगर, हिरवळ आणि धरणाचं पाणी दिसलं की माणूस हरखतोच.

असेच एक पालक मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला शाळेत आले होते. म्हणाले, "एवढी धरणं आहेत, म्हणजे पाण्याची काळजी नाही." चौथीतली एक मुलगी पटकन बोलली, "काका, धरण इथलं, पण पाणी मुंबईचं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो." ते गप्प झाले, आणि मला परिसर अभ्यासाचा पाठ मिळाला. तो असा घेतला.

पायरी १ : नकाशा. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. तानसा (१८९२) आणि भातसा आपल्या शहापूर तालुक्यात. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकटं भातसा देतं. मुरबाडच्या बाजूचं बारवी धरण एमआयडीसीचं. ते कारखान्यांना आणि खालच्या शहरांना पाणी पुरवतं. मुलांनी धरणापासून शहरापर्यंत निळी रेघ ओढली. मग मी विचारलं, "या रेघेवर आपला पाडा आहे का?"

पायरी २ : प्रयोग. एवढा पाऊस पडूनही आपल्या विहिरी का आटतात? एक तांब्या पाणी उतरत्या फरशीवर ओता, एक मातीच्या कुंडीत ओता. फरशीवरचं वाहून जातं, कुंडीतलं मुरतं. आपल्या मातीखाली काळा कातळ आहे, उतारही तीव्र. त्यामुळे बरंचसं पाणी मुरण्याआधीच खाली धावतं. धरण खोलात असतं, पाडे उंचावर. तिथून पाणी वर आणायला पंप, पाइप आणि वीज लागते, शिवाय त्या पाण्यावर आपला हक्कही ठरलेला असावा लागतो. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मुलांना इथे आपोआप कळते.

पायरी ३ : नव्या शेजाऱ्यासाठी माहितीपत्रक. गटांनी घरी विचारून लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

• घर पावसाळ्यात बघू नका, मे महिन्यात बघा. विहिरीत वाकून बघा. टँकर येतो का, ते शेजारच्या बाईला विचारा, एजंटला नको.
• मोबाइलला रेंज अंगणात असते, घरात नसते. डोंगराआडच्या पाड्यात तर दोन कंपन्यांची सिमं घेऊन तपासा.
• पावसाळ्यात झाड पडलं की वीज जाते. कधी येईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर ठेवा.
• शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ. पुढे आटगाव, खर्डी, कसारा. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी. शेवटची गाडी कधीची, ते आधी विचारा.
• रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. साप चावला तर भगताकडे नाही, लगेच सरकारी दवाखान्यात. गाडीसाठी १०८ ला फोन करा.
• धरणात पोहू नका. वरून शांत दिसतं, आत खोल असतं.

पत्रक संपलं असं वाटलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला : "बाई, त्यांनी खोल बोअर मारली आणि आमची विहीर आटली तर?"

वर्ग शांत झाला. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मग आम्ही मिळून शेवटची ओळ लिहिली : 'बोअर मारण्याआधी शेजाऱ्यांशी आणि ग्रामपंचायतीशी बोला. छपरावरचं पाणी जमिनीत मुरवा. पाणी आपल्या सगळ्यांचं आहे.'

ते पत्रक त्या पालकांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचलं आणि घर ठरवण्याआधी मे महिन्यात पुन्हा यायचं कबूल केलं.

मित्रांनो, आपली मुलं शहरातल्या माणसासमोर बुजतात, कारण आपल्याला काही येत नाही असं त्यांना वाटतं. त्या दिवशी लॅपटॉपवाल्या काकांना जे ठाऊक नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळलं. नकाशावाचन, प्रयोग, मुलाखत, पत्रलेखन हे सगळं त्यात आलंच.

पालकांनो, आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा : आपल्या घरी येणारं पाणी कुठून येतं, आणि आपल्या डोंगरातलं पाणी कुठे जातं?