नाताळची समुद्रसफर : संधी-खर्चाचा एक घरगुती अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

माणसाच्या गरजा अमर्याद असतात, त्या भागविण्याची साधने मर्यादित असतात, आणि त्या साधनांना पर्यायी उपयोग असतात. म्हणून निवड करावी लागते. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच होय. ही व्याख्या मी परीक्षेत दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा मला बरे गुण मिळाले. परंतु ती मला समजली आहे की नाही, याची खरी परीक्षा गेल्या डिसेंबरात आमच्या घराच्या पडवीत झाली. त्या परीक्षेत मी पहिल्या खेपेस नापास झाले, हे आरंभीच कबूल करते.

प्रश्न साधा होता. नाताळच्या सुट्टीत आईबाबांनी दादाबरोबर समुद्रसफरीला जावे की जाऊ नये? या एका प्रश्नाच्या आधारे 'संधी-खर्च' ही कल्पना समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी

आमचे घर मालवण तालुक्यात, समुद्राला लागून आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर आमच्या वाडीतील घरांनी हळूहळू 'निवास व न्याहारी'च्या पाट्या लावल्या. आमच्याही दोन खोल्या आहेत. आई खानावळ चालविते. बाबा बाजार करतात, मासळी आणतात आणि हिशेबाची वही लिहितात. या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दादा बारावीनंतर बोटीवर गेला. परदेशी प्रवासी जहाजावर तो उतारूंच्या केबिनी आवरतो. एक कॉन्ट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचे असते. त्यामुळे सलग पाच नाताळ तो घरी नव्हता. गेल्या वर्षी प्रथमच डिसेंबरात घरी आला आणि येताना ठरवूनच आला की, आईबाबांना बोटीवर न्यायचे.

"पाच वर्षं मी लोकांच्या आईबापांच्या गाद्या घातल्या. एकदा माझ्या आईची गादी दुसऱ्या कुणीतरी घातलेली मला बघायची आहे," असे तो म्हणाला. सफर दोन रात्रींची होती. मुंबईहून निघावयाचे, समुद्रात फिरावयाचे आणि मुंबईलाच परत यावयाचे.

हे ऐकून आजी म्हणाली, "खंय जावचा नाय, तर बोटीत कित्याक बसाचा?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या किनाऱ्यावर आगबोट ही चैन कधीच नव्हती, ती गरज होती. मुंबईहून सुटणारी बोट हर्णै, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असे थांबे घेत मालवण, वेंगुर्ल्याकडे आणि पुढे गोव्याकडे जाई. मालवणात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. आजोबा गिरणीत कामाला होते. ते डेकवर वळकटी पसरून, भाकरी बांधून प्रवास करीत. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गोष्ट आमच्याकडे अजूनही खालच्या आवाजात सांगतात. पुढे रस्ते झाले, उतारूंच्या आगबोटी थांबल्या, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यानंतर बोट परत आली ती सहलीची वस्तू होऊन. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली आणि मुंबईहून मोठ्या जहाजाच्या सफरीही होऊ लागल्या. गरजेची वस्तू अशी चैनीची झाली, म्हणजे तिच्यासाठी काय सोडावयाचे हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

पहिला हिशेब

दादाने आणलेला भाव असा होता: नाताळच्या आठवड्यात तिघांची एक केबिन, करांसह ८४,००० रुपये. तिघांचा मुंबईपर्यंतचा जाण्यायेण्याचा आणि किरकोळ खर्च ९,००० रुपये. एकूण ९३,०००. त्यांपैकी १०,००० रुपये दादाने आगाऊ भरलेही होते, आणि सफर रद्द केल्यास ते परत मिळणार नाहीत अशी अट होती.

दादाचा हिशेब इथेच संपत होता. पैसे त्याचे, कमाई त्याची, खर्च त्र्याण्णव हजार. लेखापाल याला खर्च म्हणेल. अर्थशास्त्र म्हणते, थांबा.

संधी-खर्च म्हणजे काय?

ऑस्ट्रियन पंथाचे अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक फॉन वीझर (१८५१–१९२६) यांनी खर्चाकडे पाहण्याची निराळी दृष्टी दिली. एखाद्या गोष्टीचा खरा खर्च म्हणजे तिच्यासाठी सोडून द्यावा लागलेला सर्वांत चांगला पर्याय. गॅरी बेकर यांनी १९६५ साली हाच विचार कुटुंबाच्या वेळाला लावला. वेळेलाही किंमत असते, आणि ती त्या वेळात होऊ शकणाऱ्या कमाईवरून मोजता येते.

नाताळचा आठवडा म्हणजे आमच्या घराचा सुगीचा आठवडा. एरवी १,२०० रुपयांना जाणारी खोली त्या दिवसांत २,८०० रुपयांना जाते. जहाजाचा भाव ज्या कारणाने चढतो त्याच कारणाने आमचाही चढतो. जहाज अर्धे रिकामे असले तरी इंधन, खलाशांचा पगार आणि बंदराचे शुल्क यांत फारसा फरक पडत नाही. हा स्थिर खर्च होय. शिवाय आजची रिकामी केबिन उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. ती मासळीपेक्षाही नाशवंत आहे, कारण मासळी निदान सुकविता तरी येते! म्हणून मागणी असेल तेव्हा भाव चढवावयाचा आणि मागणी ओसरली की उतरवावयाचा, हेच जहाजाच्या मालकाला परवडते. आमच्या दोन खोल्यांचा न्यायही तोच आहे.

दुसरा हिशेब

सफरीसाठी घर पाच दिवस बंद ठेवावे लागणार होते. बाबांच्या मागील वर्षाच्या वहीवरून मी आकडे काढले.

खोल्या: २ × २,८०० × ५ = २८,००० रुपये. त्यातून धुलाई, वीज, न्याहारी यांचे ३,००० वजा जाता २५,०००.

खानावळ: रोज सरासरी ३० ताटे, ३०० रुपयांप्रमाणे ९,०००. त्यातून मासळी, किराणा, गॅस आणि मदतनीस बाईंची मजुरी मिळून ५,४०० वजा जाता रोजचे ३,६००, म्हणजे पाच दिवसांचे १८,०००.

एकूण बुडणारी कमाई ४३,००० रुपये. ती ९३,००० मध्ये मिळविली की सफरीचा खरा खर्च १,३६,००० रुपये होतो.

"आम्ही मागे राहून घर चालवू," असे मी आणि काकूने सुचवून पाहिले. परंतु गिऱ्हाईक येते ते आईच्या हातच्या चवीला. माझ्या सोलकढीची ख्याती वाडीला ठाऊक असल्यामुळे हा पर्याय फार वेळ टिकला नाही.

बुडीत खर्चाचा मोह

दादाला हिशेब पटला, तरी एका मुद्द्यावर तो अडून बसला. "मग माझे दहा हजार फुकट घालवायचे?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. शिळे झालेले टाकवत नाही म्हणून खातो आणि मग औषधाला पैसे घालतो. जो खर्च होऊन गेला आणि कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो बुडीत खर्च. जाण्याच्या आणि न जाण्याच्या, दोन्ही बाजूंना तो सारखाच असतो. म्हणून तुलनेत त्याला जागा नाही. पुढे पाहून मोजावयाचे, तर नाताळच्या सफरीसाठी अजून पडणारा खर्च १,३६,००० वजा १०,०००, म्हणजे १,२६,००० रुपये. दादा गप्प झाला. दहा हजारांसाठी त्याने किती केबिनी आवरल्या असतील, हे त्यालाच ठाऊक. पाठ्यपुस्तकात बुडीत खर्च एका ओळीत संपतो. माणसाच्या मनात तो इतक्या लवकर संपत नाही.

माझ्या हिशेबातील खोट

कागदाच्या शेवटी मी 'जाऊ नये' असे लिहिले आणि खाली 'सर्वांत चांगला पर्याय' असे सदर घातले. त्या सदरात मी लिहिले होते: 'एम.ए.चे शुल्क व वसतिगृह.' सफर झाली नाही तर माझ्या पुढच्या शिक्षणाचे पैसे देईन, असे दादा पूर्वी एकदा बोलला होता.

कागद मी मोठ्याने वाचून दाखविला. आई तांदूळ निवडीत होती. तिने विचारले, "आणि माझ्या नावान काय लिवलंस?"

मी कागद पुन्हा पाहिला. आईच्या नावावर तिने कमावलेले ४३,००० होते. तिला हवे असलेले काहीच नव्हते. दादाने तिच्यासाठी सफर ठरविली होती आणि मी तिच्या कमाईचे दिवस मोजून सफर नाकारली होती. तिला काय हवे, हे आम्हा दोघांपैकी एकानेही विचारले नव्हते. पाठ्यपुस्तकात निवड करणारा 'उपभोक्ता' एकटाच असतो. घरात मात्र खर्च एकाच्या वाट्याला येतो, लाभ दुसऱ्याच्या, आणि पेन्सिल तिसऱ्याच्या हाती असते. ज्याच्या हाती पेन्सिल, त्याचाच पर्याय 'सर्वांत चांगला' ठरतो.

मी तिला विचारले, "तुला जायचं आहे का?"

ती म्हणाली, "जावचा हा. पण सीझनात नाय." आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एकतीस झाली काय सीझन उतारता. मगे बोटीक माणसा खंयसून गावतली? तेव्हा भाव कमी असतलो मा?"

आई सातवीपर्यंत शिकली आहे. आपण ज्याला मागणीतील हंगामी बदल म्हणतो, तो तिला 'सीझन उतरला' या दोन शब्दांत ठाऊक होता. आमच्या खोल्या दोन जानेवारीला रिकाम्या होतात, तर जहाजही रिकामे होणारच, हे तिने स्वतःच्या अनुभवावरून ताडले. आम्ही दोघे 'नाताळात जावे की न जावे' एवढ्यातच अडकलो होतो. तिसरा पर्याय तिनेच मांडला.

तिसरा हिशेब

दादाने चौकशी केली. जानेवारीच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात, मधल्या वारी, तशीच केबिन ५४,००० रुपयांना होती. दादाला जॉइनिंगपूर्वीच्या मेडिकलसाठी तेव्हा मुंबईला जावेच लागणार होते. म्हणून त्याचे प्रवासभाडे या सफरीच्या माथी मारणे चूक. आईबाबांचे ६,००० धरले. आदल्या वर्षीच्या वहीत त्या पाच दिवसांत एकच खोली दोन रात्री गेली होती, त्याचे २,४००. खानावळीचे उरलेले ३,०००. एकूण ६५,४०० रुपये.

नाताळचा पुढचा खर्च १,२६,०००, जानेवारीचा ६५,४००. फरक ६०,६०० रुपये. दहा हजार बुडूनही एवढी रक्कम वाचत होती. शिवाय नाताळभर दादा घरी राहणार होता. तो राहिला, आणि पाच वर्षे परदेशी उतारूंना दिलेल्या सेवेचा सगळा अनुभव त्याने आमच्या तीस ताटांवर खर्च केला.

वाचलेल्या पैशांतून माझे शुल्क द्यावयाचे की तिसऱ्या खोलीचा चौथरा घालावयाचा, हे अजून ठरलेले नाही. या वेळी मी कागद केलेला नाही.

जानेवारीत तिघे जाऊन आले. पहिल्या सकाळी केबिन आवरणारा मुलगा येण्यापूर्वीच आईने गाद्या स्वतः नीट करून, चादरीच्या घड्या घालून ठेवल्या. दादा काही बोलला नाही, असे बाबांनी सांगितले. दुसऱ्या सकाळी मात्र तिने काही आवरले नाही. खुर्ची ओढून ती काचेपाशी समुद्र पाहात बसली.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला तीन गोष्टी कळल्या. एक, तिकिटावरचा भाव हा खर्चाचा एक भाग असतो, सगळा खर्च नव्हे. दोन, गेलेल्या पैशाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. तीन, आणि ही माझ्या पुस्तकात नव्हती: पर्याय मोजण्याआधी ज्याला सोडावे लागणार आहे त्याला विचारावे, कारण चांगला पर्याय बहुधा त्यालाच ठाऊक असतो.

आमच्या घरी हिशेबाची वही अजूनही बाबाच लिहितात. परंतु या वर्षीच्या वहीत, जानेवारीच्या पानावर, त्यांनी एक नवे सदर घातले आहे: 'घरच्यांसाठी.' त्याखाली ६५,४०० ही एकच नोंद आहे.